अनुदान अडकतं कुठं आणि सोडवायचं कसं

युरियाच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक कापून मी एक पिशवी करून घेतली आहे. तिच्यात सातबारा, आठ-अचा खातेउतारा, आधारची झेरॉक्स, पासबुक, ई-केवायसीची (अंगठा लावून आधारची खात्री केल्याची) पावती आणि तीन अर्जांच्या पोच आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदी आमच्या रानातून वाहिली तेव्हा ही पिशवी नव्हती. कागद होते, पण एक कपाटात, एक देवघराच्या फळीवर, एक भाऊजींच्या घरी. पुरानंतर अडीच महिने पिकाच्या नुकसानीच्या सरकारी अनुदानासाठी तलाठी, तहसील, सेवा केंद्र आणि बँक अशा फेऱ्या मारता मारता ती पिशवी भरत गेली. मग बचत गटातल्या बाया विचारायला यायला लागल्या. एकीला सांगून होतंय तोवर दुसरी दारात. म्हणून जे मला कळलं ते सगळं एकदा नीट लिहून काढते.

टीव्हीवर मदत जाहीर झाल्याची पट्टी फिरली की गावात वाटतं, आता पैसे आलेच. पण तो पैसा बऱ्याच हातांतून येतो. गावात पंचनामा होतो. तो तालुक्याला जातो, तिथून जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग विभागीय आयुक्तांमार्फत मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे. तिथं शासन निर्णय निघतो आणि निधी मंजूर होतो. मग उलटा प्रवास. तहसीलमध्ये शेतकऱ्यांच्या नावांच्या याद्या पोर्टलवर चढतात, आधारची खात्री होते आणि पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात पडतात. "अनुदान आलं नाही" असं आपण सरसकट म्हणतो, पण ते यातल्या कुठल्या तरी एकाच जागी अडकलेलं असतं, आणि प्रत्येक जागेचा माणूस वेगळा असतो. तलाठ्याला बँकेचं विचारून उपयोग नाही आणि बँकेला यादीचं विचारून नाही. माझे पहिले पाच हेलपाटे चुकीच्या खिडकीवर गेले, ते एवढंच माहीत नसल्यामुळे.

पाणी उतरल्यावरचे चार दिवस

रान साफ करायला घेऊ नका. पाणी ओसरलं की हात स्वस्थ बसत नाहीत, आडवं पडलेलं सोयाबीन उचलावं, गाळ ओढावा, बांधावर अडकलेला कचरा काढावा असं वाटतं. थांबा. आधी फोटो. जीपीएस मॅप कॅमेरा म्हणून मोबाईलमध्ये ॲप मिळतं, त्यात फोटोवरच तारीख, वेळ आणि जागा उमटते. पिकाचा जवळून एक, पूर्ण वावराचा लांबून एक, आणि एक असा की ज्यात ओळखीची खूण येईल: विजेचा खांब, विहिरीचं कठडं, बांधावरची बाभूळ. प्रत्येक गट नंबरच्या रानाचे वेगळे फोटो काढा. काढून ठेवलेल्या सोयाबीनची गंजी भिजली असेल तर तिचाही काढा. २०२५ च्या पुरात जिथं अधिकारी पोहोचू शकत नाहीत तिथं मोबाईलवरचे फोटोही ग्राह्य धरू असं सरकारनं सांगितलं होतं. नेहमी तसं सांगतीलच असं नाही, पण फोटो कधी वाया जात नाही.

दुसरं काम म्हणजे लेखी कळवणं. साधा कागद पुरतो: नाव, गट नंबर, कोणतं पीक, किती क्षेत्र, कोणत्या तारखेला काय झालं. एक प्रत तलाठ्यांना, एक कृषी सहायकांना. या पदांची नावं आता बदलली आहेत. तलाठी म्हणजे ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक म्हणजे सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामसेवक म्हणजे ग्रामपंचायत अधिकारी. गावात अजून जुनीच नावं चालतात, मीही इथं तीच वापरते, पण अर्जावर नवी लिहिलेली बरी. अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर सही-तारीख घ्या. तीच पोच. फोनवर सांगितलं, व्हॉट्सॲपवर टाकलं, तेही करा, पण पोच ती पोच.

पंचनाम्याला रानात उभं राहा

पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. तिघांकडे तीन-चार गावं असतात, पावसाळ्यात चिखल असतो, त्यांचीही धावपळ मी बघितली आहे. आमच्याकडचे तलाठी गुडघाभर गाळातून चालत आले होते. पण त्यांना तुमचं रान तुमच्याइतकं माहीत नसतं. कधी कधी पारावर बसून नावं लिहिली जातात आणि जो समोर असतो त्याचं नीट लिहिलं जातं. म्हणून त्या दिवशी दुसरं काम काढू नका. नवरा बाहेरगावी असेल तर बाईनं जावं. "आमचे मालक आले की विचारा" असं म्हणून मागं सरू नका.

काय लिहिलं जातंय ते वाचून बघा. गट नंबर, पीक, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, आणि जिरायत की बागायत की फळबाग. टक्केवारी महत्त्वाची, कारण ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच मदत बसते. २०१५ च्या आधी ही अट ५० टक्क्यांची होती. जिरायत-बागायत हा शब्दही तितकाच महत्त्वाचा, कारण दर सरळ दुप्पट होतो. तुमची विहीर किंवा बोअर असेल, पण सातबाऱ्यावर त्याची नोंदच नसेल तर पंचनाम्यात जिरायत पडण्याची शक्यता जास्त. ही नोंद पुराच्या दिवशी होत नाही, ती आधीच लावून घ्यावी लागते.

एक शब्द कानावर पडेल, ६५ मिलिमीटर. आपल्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरली जाते. मापक एका गावात आणि पाऊस दुसऱ्या गावात, असं होतं. "आपल्या मंडळात अतिवृष्टीच नाही" असं कुणी सांगितलं तर लगेच परत फिरू नका. नदीचं पाणी शिरून नुकसान झालं असेल तर तुमच्या गावात किती पाऊस पडला हा प्रश्नच वेगळा. सीना आमच्याकडे आली ती वरच्या पावसानं आणि वरून सोडलेल्या पाण्यानं. अर्जात "पुराचं पाणी शिरून" असं स्पष्ट लिहा. सततचा पाऊस हीसुद्धा २०२३ पासून राज्यानं आपत्ती मानली आहे, तेही ध्यानात असू द्या.

पीकपाहणी: पुराच्या आधीच ठरून जातं ते

आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका भावाचं दोन एकर सोयाबीन पाण्यात गेलं. पंचनाम्याला तो हजर होता, फोटो होते, सगळं होतं. पण त्याच्या सातबाऱ्यावर त्या हंगामात जमीन पड दाखवलेली. ई-पीक पाहणी, म्हणजे रानातल्या पिकाची मोबाईलवरून करायची नोंद, केलीच नव्हती. मोबाईलला रेंज नाही, ॲप चालत नाही, करू उद्या, असं करता करता मुदत गेली. पड रानात पिकाचं नुकसान कसं दाखवणार? त्याला हातातोंडाशी आलेलं पीक गेल्याचं दुःख होतंच, वर ते पीक होतं हेच सिद्ध करत फिरायची वेळ आली. त्याच्याकडे बियाण्याची पावती होती आणि शेजारच्या दोघांनी लेखी जबाब दिला, म्हणून तलाठ्यांनी त्याचं नाव पुढं पाठवलं. पण त्यात त्याचा सगळा हिवाळा गेला.

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. खरिपाची नोंद साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात चालते. रानात उभं राहून फोटोसकट नोंद करायची असते, घरी बसून होत नाही. जमत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलाला बरोबर न्या, किंवा गावात पीकपाहणीसाठी सहायक नेमलेले असतात त्यांच्याकडून करून घ्या. नोंद झाली की ती खरंच चढली का हे पंधरा दिवसांनी सातबाऱ्याच्या खालच्या भागात, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, बघा. आंतरपीक असेल तर दोन्ही पिकं लावा. आमच्या बचत गटात बायांनी ठरवलंय की एकीनं एका रविवारी पाच जणींच्या रानात जाऊन नोंदी करायच्या. पुराच्या आधी करण्यासारखं यापेक्षा उपयोगी काम मला तरी सुचत नाही.

याच्याच जोडीला शेतकरी ओळख क्रमांक, ज्याला सगळे फार्मर आयडी म्हणतात. २०२५ च्या पावसाळ्यापासून तो मदतीसाठी मागितला जातो. तो काढताना आपले सगळे गट जोडले गेलेत का ते तपासा. एका गावात एक आणि दुसऱ्या गावात एक असं रान असलं की दुसरं हमखास सुटतं.

किती मिळायला हवं, याचा हिशेब

हिशेब स्वतः करता आला पाहिजे, नाहीतर कमी आलं तरी कळत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक हेक्टर म्हणजे १०० आर, जवळपास अडीच एकर. एक आर म्हणजे ढोबळमानानं एक गुंठा.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत पंचाहत्तर टक्के पैसा केंद्राचा आणि पंचवीस टक्के राज्याचा. त्याच्या निकषांप्रमाणे २०२५ मध्ये हेक्टरी दर असे होते: जिरायत ८,५०० रुपये, बागायत १७,००० रुपये, फळबागेसारखं बहुवार्षिक पीक २२,५०० रुपये, आणि मर्यादा २ हेक्टर. बाया मला विचारतात, मग मागच्या खेपेला जास्त कसे आले होते? त्याचं कारण असं की जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयानं राज्यानं दर वाढवून जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिकला ३६,००० केले होते, मर्यादाही ३ हेक्टर होती. मे २०२५ च्या अखेरीस ते पुन्हा खाली आणले. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुराचं पॅकेज जाहीर झालं, ३१,६२८ कोटींचं. त्यात दर निकषाचेच ठेवले, मर्यादा ३ हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्या-खतासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे दिले. त्यामुळे कुठल्याही वर्षी शेजाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. त्या आपत्तीचा शासन निर्णय बघा. शासनाच्या संकेतस्थळावर तो मराठीतच असतो, आणि दर शेवटी जोडलेल्या तक्त्यात असतात.

माझा हिशेब सांगते. माझ्या वाट्याला १ हेक्टर २० आर, सगळं सोयाबीन, जिरायत. ८,५०० गुणिले १.२० म्हणजे १०,२०० रुपये. रब्बीचे १०,००० गुणिले १.२० म्हणजे १२,०००. हे दोन्ही एकदम आले नाहीत, वेगवेगळ्या तारखांना आले. अनेकींनी पहिलीच रक्कम बघून "एवढंच आलं" म्हणून डोक्याला हात लावला. दुसरी आपली यायची आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. एवढ्या पैशात गेलेलं पीक भरून निघत नाही, नुसत्या पेरणीचा, फवारणीचा आणि मजुरीचा खर्चसुद्धा निघत नाही. पण रब्बीची ज्वारी पेरायला माझ्याकडे तेवढंच होतं.

पीक विमा हे वेगळं प्रकरण आहे. त्याचा अर्ज, त्याची कंपनी, त्याचे नियम वेगळे. विमा भरला म्हणून अनुदान थांबत नाही आणि अनुदान मिळालं म्हणून विमा थांबत नाही. दोन्हीचा पाठपुरावा वेगवेगळा करा.

सामायिक खातं, मयत खातेदार आणि आपण बाया

गावात सगळ्यात जास्त अनुदान अडकतं ते इथं. आमचंच उदाहरण घ्या. सासरे २०१९ मध्ये गेले, माझे मालक २०२२ मध्ये. तरी सातबाऱ्यावर सासऱ्यांचंच नाव. रान भाऊजी आणि मी निम्मं निम्मं कसत होतो, भांडण नव्हतं, त्यामुळे कुणाला घाईही नव्हती. मेलेल्या माणसाच्या आधारवर अंगठा कोण लावणार? त्याच्या खात्यात पैसे कोण टाकणार? यादीत असं नाव आलं की ते तसंच पडून राहतं.

एप्रिल २०२५ मध्ये राज्यभर जिवंत सातबारा मोहीम निघाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मागं लागल्या म्हणून आम्ही तेव्हा अर्ज दिला. मोहीम नसली तरी वारस नोंद नेहमी करता येते. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-नाती सांगणारं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यांचे आधार घेऊन तलाठ्यांकडे अर्ज द्यायचा. फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी प्रमाणित करतात. नोंद झाल्यावर सगळ्यांची नावं आहेत का ते वाचा. आत्याचं नाव, माझं नाव आणि माझ्या दोन्ही पोरांची नावं, पोरांच्या पुढं "अ. पा. क. आई" असं. म्हणजे पोरं अज्ञान, अठरा वर्षांच्या आतली, आहेत आणि त्यांची पालनकर्ती मी. "पोरांची लावली की झालं, तुमचं कशाला" असं मला एकानं सहज सांगितलं होतं. बायांनो, असं सहज सांगितलेलं ऐकू नका. नाव सातबाऱ्यावर नसेल तर रानात तुम्ही रोज खपत असलात तरी कागदाला तुम्ही दिसत नाही.

नावं लागली तरी खातं सामायिकच राहतं. मग अनुदान द्यायचं कुणाला? दोन रस्ते असतात. एक, बाकीच्यांनी संमतीपत्र लिहून द्यायचं की रक्कम अमुक एकाच्या खात्यावर जमा करावी. दुसरा, जो जेवढं कसतो तेवढं क्षेत्र ज्याच्या-त्याच्या नावानं यादीत लावायला तलाठ्यांना सांगायचं, तेही सगळ्यांच्या संमतीनं. भाऊजी पहिल्याला तयार होते, "माझ्या खात्यावर येऊ दे, मी देतो की वैनी" म्हणाले, आणि त्यांनी दिलेही असते. पण मी आत्यांना मध्ये घालून दुसरा रस्ता धरला. माणूस चांगला असला तरी त्याच्या खात्यावर सोसायटीचं कर्ज असतं, घरात दुखणं निघतं, आणि आलेला पैसा वाटेतच खर्च होतो. मग नातं खराब होतं. भाऊजींना पहिले दोन दिवस वाईट वाटलं, नंतर तेच माझ्याबरोबर तहसीलला आले.

बटईनं रान करणाऱ्यांबद्दल एक सांगायलाच हवं. पैसे सातबाऱ्यावरच्या मालकाच्या नावानं येतात. बी-बियाणं, खत, घाम बटईदाराचा, आणि मदत मालकाला. मला हे अजिबात पटत नाही, पण आज वस्तुस्थिती ही आहे. म्हणून पेरणीच्या वेळीच साध्या कागदावर लिहून घ्या की आपत्तीचं अनुदान आलं तर कसं वाटायचं. पूर येऊन गेल्यावर हे बोलणं फार अवघड जातं.

विशिष्ट क्रमांक आणि अंगठा

तहसीलमधून यादी पोर्टलवर चढली की प्रत्येक नावाला एक विशिष्ट क्रमांक पडतो. सेवा केंद्रवाले त्याला व्हीके नंबर म्हणतात. क्रमांकासह यादी ग्रामपंचायतीत लावली जाते, तलाठ्यांकडेही असते. तो क्रमांक आणि आधार घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जायचं आणि ई-केवायसी करायची. २०२५ मध्ये ज्यांचा फार्मर आयडी जुळला त्यांना ई-केवायसीची गरज राहिली नाही, त्यांचे पैसे आधी आले. माझा फेरफार उशिरा झाल्यानं माझा आयडी त्या गटाशी जुळला नव्हता, म्हणून मला क्रमांक आला. शेजारणीला आले आणि आपल्याला नाही आले तर नशिबाला बोल लावण्याआधी ग्रामपंचायतीतली ही यादी बघा. तुमचं नाव तिथं अंगठ्याची वाट बघत थांबलेलं असू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंगठा लावायच्या आधी स्क्रीनवर तुमचं नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम दिसते. ती वाचा. वाचता येत नसेल तर मुलीला, नातवाला बरोबर न्या आणि मोठ्यानं वाचून घ्या. २०२४ च्या पावसात आमच्या बचत गटातल्या एका ताईंचं १ हेक्टर २० आर क्षेत्र यादीत ०.१२ असं टाइप झालं होतं. १६,३२० रुपयांच्या जागी १,६३२. केंद्रावर गर्दी होती, मागं पन्नास माणसं, सर्व्हर बंद-चालू होत होता. त्यांनी अंगठा लावला आणि बाहेर आल्या. पैसे आल्यावर कळलं. माहिती चुकीची असेल तर अंगठा देऊन मान्य करू नका. तिथंच तक्रार नोंदवायची सोय असते, ती तहसीलकडे जाते आणि दुरुस्त होऊन येते. वेळ लागतो, पण मान्य केलेलं परत उघडायला त्याहून जास्त लागतो. झालं की पावती घ्या, घेतल्याशिवाय उठू नका.

अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत ही आपल्या बायांची नेहमीची अडचण. खुरपणीनं, भांड्यांनी रेषा झिजलेल्या असतात. हात कोमट पाण्यानं धुऊन, कोरडे करून, दुसरी बोटं लावून बघा. तरी नाही झालं तर आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे नव्यानं देऊन या.

पैसे सुटले, पण गेले कुठं

ई-केवायसी होऊन महिना गेला तरी माझ्या पासबुकात काही नाही. दोनदा तहसीलला गेले. तिथं सांगितलं, "ताई, तुमचे पडलेत." बँकेत सांगितलं, "आमच्याकडे काही आलेलं नाही." दोघंही खरं बोलत होते. पैसे पडले होते ते दुसऱ्याच बँकेत. मालक असताना गॅसच्या अनुदानासाठी एक खातं उघडलं होतं, मी ते विसरूनही गेले होते, आणि माझं आधार त्या खात्याला जोडलेलं होतं.

डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे तुम्ही अर्जावर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. ज्या बँकेशी तुमचं आधार सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, तिथं जातात. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे हे जोडणं झालं असंही नाही. "आधार सीडिंग, डीबीटीसाठी" असं वेगळं सांगून फॉर्म भरावा लागतो. आपलं आधार कुठं जोडलंय हे आधारच्या संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" मध्ये दिसतं, फक्त आधारला मोबाईल जोडलेला हवा. सेवा केंद्रातला मुलगा दोन मिनिटांत दाखवतो. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर माझे चार हेलपाटे आणि दोन दिवसांची मजुरी वाचली असती.

ते जुनं खातंही व्यवहार नसल्यानं बंद पडलं होतं. आधार, पॅन, फोटो देऊन ते चालू करून घेतलं, तेव्हा कुठं पैसे हातात आले. पैसे सुटलेत का हे राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन पोर्टलवर विशिष्ट क्रमांक टाकून बघता येतं, तिथं पेमेंटची स्थिती दिसते. तहसीलला जाण्याआधी ती बघा.

बँकेनं कर्जापोटी खात्याला होल्ड लावला असेल तर गप्प बसू नका. मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं की या रकमेतून कोणत्याही बँकेनं कर्जाची किंवा इतर वसुली करू नये. त्या निर्णयाची प्रत काढा, त्या ओळीखाली पेनानं रेघ मारा आणि लेखी अर्जाला जोडून शाखाधिकाऱ्यांना द्या. पोच घ्या. आमच्या गावातल्या तिघांचे होल्ड असेच उठले. आणि एक, अनुदान जमा करायचंय म्हणून फोनवर कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. सरकारी पैशाला ओटीपी फोनवर सांगावा लागत नाही.

यादीतच नाव नसेल तर

तहसीलदारांच्या नावे अर्ज द्या. पंचनाम्याच्या वेळच्या अर्जाची पोच, फोटो, पीकपाहणी असलेला सातबारा जोडा. "अनुदान मिळावे" असं मोघम लिहू नका. "गट नंबर अमुक, पंचनामा झाला, यादीत नाव नाही, कारण कळवावे" असं नेमकं लिहा. महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही. माझ्या गटाच्या पंचनाम्याची प्रत, तालुक्याला पाठवलेल्या यादीतली माझी नोंद, आणि नाव वगळलं असल्यास त्याचं कारण, एवढं तीनच मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमच्याकडे एकीला उत्तर आलंच नाही, पण अर्ज गेल्यावर आठवड्यात तिचं नाव पुरवणी यादीत आलं.

जनावर, माती, विहीर

पिकाच्या नादात हे सुटतं. २०२५ च्या निकषांप्रमाणे दुधाचं मोठं जनावर गेलं तर ३७,५०० रुपये, ओढकामाचा बैल ३२,०००, वासरू २०,०००, शेळी-मेंढी ४,०००, कोंबडी १०० रुपये. पशुवैद्यकीय अधिकारी येऊन पंचनामा होईपर्यंत जनावर पुरू नका, आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा फोटो घ्या. जाऊबाईंची म्हैस दावणीलाच गेली. त्यांना तिच्याकडे बघवत नव्हतं, पुरून टाका म्हणत होत्या. शेजारच्या पोरानं तेवढ्यात बिल्ल्याचा फोटो काढला, त्यावर त्यांचं काम झालं.

त्याच निकषांत, शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला असेल तर तो काढायला हेक्टरी १८,०००, आणि जमीनच खरडून गेली असेल तर हेक्टरी ४७,००० रुपये. हा पंचनामा पिकाच्या पंचनाम्यापासून वेगळा मागून घ्यावा लागतो. आपोआप होत नाही. २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम आणि खचलेल्या विहिरीला ३०,००० रुपये होते. विहिरीचा अर्ज पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो, तहसीलला नाही.

माझी विहीर अजून अर्धी गाळानं भरलेली आहे. नदीकडच्या चौदा गुंठ्यांत माती राहिलेली नाही, नुसते गोटे आहेत. त्या दोन्हीच्या अर्जांच्या पोच पिशवीत सगळ्यात वर ठेवल्यात. सोमवारी आत्यांना घेऊन पुन्हा पंचायत समितीला जाणार आहे. ज्यांच्या विहिरी बुजल्यात त्यांनी त्याच दिवशी बरोबर चला. सातबारा आणि फोटो घेऊन सकाळी नऊच्या गाडीला फाट्यावर या.